इव्हॅपचा कोड आलाय? घरच्या घरी गळती कशी शोधायची (पी०४४२, पी०४५५, पी०४५६)

बारा_नंबरचा_पाना

थंडी सुरू झाली की 'मदत हवी' विभागात हा प्रश्न हमखास येतो: चेक इंजिनचा दिवा लागलाय, गाडी मस्त चालतेय, स्वस्तातल्या कोड रीडरवर इव्हॅपचा (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेचा) कोड दिसतोय, कुठला पार्ट मागवू? म्हणून हा एकच धागा. पुढच्या वेळी लिंक चिकटवली की काम भागेल.

व्याप्ती आधीच सांगतो. अमेरिकेतल्या, १९९६ नंतरच्या, ओबीडी-२ (गाडीचा कॉम्प्युटर स्वतः तपासणी करून कोड देतो ती पद्धत) असलेल्या पेट्रोल गाड्या. भारतातल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, ते कुणी जाणकाराने खाली लिहावं. प्लग-इन हायब्रिडवाल्यांनी यातलं काहीही करू नये, त्यांची टाकी बंद आणि दाबाखाली असते.

यंत्रणा थोडक्यात. टाकीतली वाफ हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये, साठवतात. इंजिन गरम झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. कॅनिस्टरच्या दुसऱ्या तोंडाला व्हेंट व्हॉल्व्ह असतो, तिथून ताजी हवा आत येते. वीज नसताना पर्ज बंद आणि व्हेंट उघडा, हे पाठच करा. निम्म्या चुका इथेच होतात.

तपासणीच्या वेळी कॉम्प्युटर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून टाकीत हलका व्हॅक्यूम धरतो आणि तो टिकतो का ते बघतो. टिकला नाही तर किती वेगाने गेला त्यावरून भोकाचा अंदाज बांधतो. पी०४५६ म्हणजे साधारण ०.०२० इंच (०.५ मिमी) भोकाइतकी गळती, पी०४४२ म्हणजे ०.०४० इंच (१ मिमी), आणि पी०४५५ म्हणजे व्हॅक्यूम तयारच झाला नाही. काही कंपन्या टोपण सैल असल्याचा संशय आला की पी०४५७ देतात. भोक कुठे आहे हे यातला एकही कोड सांगत नाही. त्यामुळे पी०४५६ दिसल्याबरोबर कॅनिस्टर मागवणं म्हणजे दोनतीनशे डॉलरची लॉटरी.

मी ज्या क्रमाने बघतो तो असा.

टोपण. रबरी रिंग बोटाने पूर्ण फिरवून बघा. चीर, चपटा झालेला भाग, कडक झालेलं रबर. मग टाकीच्या तोंडाची कड बघा, तिच्यावर गंजाचा पापुद्रा असेल तर नवं टोपणही गळणार. कड बारीक स्कॉचब्राइटने साफ करा, पण टाकीच्या तोंडात चिंधी कोंबून, नाहीतर गंजाचे कण आत जातात. नवं टोपण घ्यायचंच तर गाडीच्या कंपनीचं घ्या. 'सगळ्या गाड्यांना बसतं' वालं टोपण बसतं खरं, पण ०.५ मिमीच्या परीक्षेला नापास होतं.

मग पर्ज व्हॉल्व्ह, कारण तो बॉनेटखाली असतो, हात पोचतो आणि बिघडतोही बऱ्याचदा. थंड इंजिन सुरू करा, आयडलवर ठेवा, व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. थंड इंजिनवर ओढ लागता कामा नये. लागली तर व्हॉल्व्ह आत गळतोय, शोध संपला.

तिसरं व्हेंट आणि कॅनिस्टरचा परिसर, गाडीखाली. आणि मगच धूर किंवा दाब, म्हणजे यंत्रणेत धूर किंवा हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं. त्याबद्दल वेगळा प्रतिसाद लिहितो, लांबलचक आहे.

खेकडा_चालला_तिरका

उत्तम धागा. प्रश्न: माझ्या गाडीला लक्षणं आहेत पण गळतीचा कोड नाही. गॅस (इथल्या भाषेत पेट्रोल) भरल्यावर गाडी पटकन सुरू होत नाही, दोनतीनदा स्टार्टर मारावा लागतो, मग थोडा वेळ थरथरते. एरवी एकदम गुणी. कोड आहे पी०४९६. हे यातच मोडतं का?

ओहमकार

@खेकडा, अगदी यातच मोडतं, आणि तुमचं निदान जवळपास झालेलंच आहे. पी०४९६ म्हणजे कॉम्प्युटरने पर्ज बंद ठेवलाय तरी वाफ वाहतेय. व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. गॅस भरताना टाकीतली वाफ कॅनिस्टरमध्ये ढकलली जाते, आणि उघड्या व्हॉल्व्हमधून ती थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) जाऊन बसते. मग स्टार्ट करताना मिश्रण इतकं दाट होतं की पेट घेत नाही. अशा वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला की बहुतेक गाड्या इंजेक्टर बंद ठेवतात आणि इंजिन मोकळं होतं. अर्थात तो उपाय घरी पोचण्यापुरता.

व्हॉल्व्ह बाहेर काढून टेबलावर तपासायचा:

- मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. बहुतेक गाड्यांत १५ ते ४० ओहमच्या दरम्यान येतो, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. अनंत दाखवला तर कॉइल तुटली, एक-दोन ओहम दाखवला तर आत शॉर्ट.
- वीज न देता एका बाजूने फुंका. हवा जाता कामा नये. फुंका, ओढू नका. आत पेट्रोलची वाफ आणि कोळशाची पूड असते.
- १२ व्होल्ट द्या, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज घालून. टक आवाज आला पाहिजे आणि हवा गेली पाहिजे. वीज काढताच परत बंद. आठदहा वेळा करा. काही व्हॉल्व्ह पहिल्यांदा बंद होतात आणि गरम झाले की रेंगाळतात.
- हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर मॅनिफोल्डकडच्या तोंडाला १५ इंच पारा लावून मिनिटभर थांबा. काटा हलायला नको. फुंकून जी बारीक गळती कळत नाही ती इथे कळते.

सगळ्यात महत्त्वाचं: काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटा. काळे दाणे पडले तर नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही. कॅनिस्टरमधली जाळी फाटलीय आणि कोळसा नळीतून पुढे येतोय. नवा व्हॉल्व्ह बसवलात तर त्याचंही तेच होणार. आधी कॅनिस्टर बदला, मग ती नळी दोन्ही टोकांनी सोडवून हवेने साफ करा, आणि मग नवा व्हॉल्व्ह.

हडसनकाठ

कोळसा बाहेर का येतो तेही लिहा ना कुणीतरी. नॉझल 'टक' करून थांबलं की आकडा गोल करायला वर आणखी अर्धा गॅलन कोंबण्याची आपल्या लोकांची सवय. ते द्रव पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये उतरतं. कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, द्रवात भिजला की त्याचे दाणे झिजून पूड होते. न्यू जर्सीत गॅस स्वतः भरायला बंदी आहे, तेव्हा इथे अटेंडंटला स्पष्ट सांगावं लागतं: पहिल्या क्लिकला थांब.

आणि उलटं लक्षणही ध्यानात ठेवा. टाकी रिकामी असून नॉझल सारखं टक टक करत थांबत असेल तर दोष पंपाचा नाही. टाकीतली हवा बाहेर जायला वाट नाही, म्हणजे व्हेंटची बाजू तुंबलीय: फिल्टरमध्ये धूळ, चिखल किंवा कोळ्याचं जाळं.

मावशी_मेकॅनिक

कोळ्याचं जाळं वाचून हसू नका रे. २०११ साली माझदाने अमेरिकेत माझदा-६ च्या हजारो गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. पिवळा सॅक स्पायडर जातीचा कोळी व्हेंटच्या नळीत जाळं करायचा, टाकीत हवा येईना, व्हॅक्यूम वाढून टाकीला तडा जाण्याचा धोका. २०१४ मध्ये पुन्हा तेच. या कोळ्याला पेट्रोलच्या वासाचं आकर्षण असतं म्हणतात.

असो. व्हेंट व्हॉल्व्हबद्दल दोन शब्द, कारण मिडवेस्ट आणि ईस्ट कोस्टला बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तोच आधी जातो. तो मागच्या चाकाजवळ, टाकीच्या आसपास असतो. जीएमच्या पिकअपमध्ये धुळीने भरून पी०४४९ किंवा पी०४४६ (व्हेंटचे कोड) येणं फार जुनं दुखणं. १९९८ ते २००२ च्या होंडा अकॉर्डमध्ये पी१४५७ (होंडाचा गळतीचा कोड) आला की पहिला संशयित कॅनिस्टरवरचा व्हेंट शट व्हॉल्व्ह, आत गंज धरून तो पूर्ण मिटत नाही.

काढताना स्क्रू तुटतात. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, आणि स्क्रू सोडवण्याआधी किंचित घट्ट करून बघा, गंजाची पकड सुटते. कॅनिस्टर प्लास्टिकचा असतो, त्यावर उष्णता नाही, टॉर्च नाही. ओ-रिंग बसते ती खाच साफ केल्याशिवाय नवा व्हॉल्व्ह बसवू नका. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी ०.५ मिमीची गळती तयार.

बारा_नंबरचा_पाना

आता मुख्य भाग. धुराचं मशीन नसलं तरी बारीक गळती शोधता येते. लागतं काय: सायकलचा हातपंप, जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, ६ मिमीची पारदर्शक नळी दीड-दोन मीटर, एक टी-जोड, रबरी बुचं, रंग घातलेलं पाणी, साबणाचं पाणी.

आधी सुरक्षा. गाडी बाहेर ड्राइव्हवेवर काढा. गॅरेजमध्ये करू नका. इथल्या बऱ्याच घरांत गॅरेजमध्येच गॅसचा वॉटर हीटर असतो आणि त्याची पायलट ज्योत सदैव पेटलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत तिथवर जाते. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, हातात एलईडी दिवा, फायर एक्स्टिंग्विशर जवळ. गाडीखाली जायचं तर जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कदापि नाही. आणि कॉम्प्रेसर अजिबात नाही. ही यंत्रणा पाव-अर्ध्या पीएसआयवर चालते, १ पीएसआय ही वरची हद्द समजा. टायरचा दाब दिलात तर कॅनिस्टरची शिवण किंवा टाकीच्या दाबाचा सेन्सर फुटेल, आणि मग खरी गळती.

पाण्याची नळी. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात एका फळीवर बांधा, दोन्ही हात ४० सेंटिमीटर उंच. तळापासून २० सेंटिमीटरपर्यंत रंगीत पाणी भरा. एक तोंड हवेला उघडं, दुसरं टी-जोडाला. टीच्या दुसऱ्या फाट्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह (आतली पिन काढू नका, तीच मागे येणारी हवा अडवते), तिसऱ्या फाट्याची नळी गाडीला. पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक ३० सेंटिमीटर झाला की दाब सुमारे ०.४३ पीएसआय. ४० च्या पुढे गेलात तर पाणी उघड्या तोंडातून उडून जातं, म्हणजे दाब सुमारे ०.५७ पीएसआयला आपोआप सुटतो. बाजारातल्या कुठल्याही गेजपेक्षा हे भरवशाचं.

जोडायचं कुठे: पर्ज व्हॉल्व्हवरून काढलेली कॅनिस्टरकडची नळी, तिच्यात. काही गाड्यांत बॉनेटखाली हिरव्या टोपणाचा सर्व्हिस पोर्ट असतो, तोही चालेल. त्यातली व्हॉल्व्हची पिन उलट्या आट्याची असते, नेहमीच्या दिशेने जोर लावून तोडू नका.

व्हेंट बंद करणं: वीज नसताना तो उघडा असतो हे लक्षात आहे ना? बॅटरी काढलेली आहे, तेव्हा व्हेंटच्या हवेच्या तोंडाला रबरी बूच घाला. पण त्याआधी बूच न घालता पंप मारून बघा, हवा व्हेंटमधून मोकळी बाहेर आली पाहिजे. आली नाही तर वाटेत तुंबलंय, ते आधी निस्तरा.

टाकी अर्धी असू द्या. काठोकाठ भरली असेल तर टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह वाट बंद करतो आणि तुम्ही नुसता कॅनिस्टर तपासत बसता.

आता हळू पंप मारा. ३० लिटर मोकळ्या जागेला ३० सेंटिमीटर दाब यायला जेमतेम एक लिटर हवा लागते. पंप थांबवून घड्याळ बघा. ३० लिटर जागा धरली तर ०.५ मिमी भोकातून पाण्याची उंची साधारण मिनिटभरात निम्मी होते, १ मिमी भोकातून पंधरा सेकंदांत. पाच मिनिटांत जेमतेम हलली तर त्या बाजूला गळती नाही, परत पर्ज व्हॉल्व्हकडे या.

एक फसगत: ऊन. टाकी तापत असेल तर पेट्रोलची वाफ दाब वाढवते आणि गळती झाकली जाते. सावलीत, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी करा. सुरुवातीला न पंप करता दोन मिनिटं नळी बघा, पाणी आपोआप सरकत असेल तर थांबा.

उंची पडतेय हे कळलं की दाब धरून साबणपाणी मारत जा: टोपण, टाकीच्या गळ्याचा जोड, क्विक कनेक्टर, कॅनिस्टरच्या शिवणी, व्हेंटची ओ-रिंग. ०.५ मिमीला मोठा फुगा येत नाही, बारीक पांढरा फेस हळूहळू वाढतो. एका जागी अर्धा मिनिट तरी डोळा ठेवा.

ओहमकार

पाना, यू-नळीला सलाम. एक पुरवणी मात्र हवीच. माझ्या वरच्या प्रतिसादातला '१५ इंच' पाऱ्याचा आहे आणि तो फक्त टेबलावरच्या सुट्ट्या व्हॉल्व्हसाठी. हाताच्या पंपाचं गेज पाऱ्याचे इंच दाखवतं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये टाकीचा दाब पाण्याच्या इंचांत असतो. १ इंच पारा म्हणजे १३.६ इंच पाणी. मॅन्युअलमध्ये '१० इंच' वाचून कुणी हातपंपाने टाकीला १० इंच पारा लावला तर टाकी आत दबेल.

स्कॅनर थेट आकडे दाखवत असेल तर टोपण काढून टाकीच्या दाबाचा सेन्सर बघा. शून्याच्या आसपास हवा. उघड्या टोपणाला तो उणे ५ दाखवत असेल तर गळती नाहीच, सेन्सर खोटं बोलतोय.

धुरळा

साबणपाणी टाकीच्या डोक्यावर कसं मारणार? माझ्या मते बारीक गळतीला धुराला पर्याय नाही. यूट्यूबवर पेंटचा डबा, ग्लो प्लग (डिझेल इंजिनातला विजेवर तापणारा प्लग) आणि बेबी ऑइलचं धुराचं मशीन वीसेक डॉलरात बनवतात की.

मावशी_मेकॅनिक

धुरळा, इनटेक किंवा एक्झॉस्टची गळती शोधायला ते ठीक. पेट्रोलच्या टाकीत तापलेल्या ग्लो प्लगवरून आलेली हवा भरायची हे मात्र नको. टाकीतली वाफ एरवी इतकी दाट असते की पेटत नाही, तू हवा भरून तिला पेटण्याजोगी करतोस, आणि डब्यात पेटता स्रोत ठेवतोस. वर्कशॉपची मशिन्स यासाठीच नायट्रोजन किंवा दुसऱ्या निष्क्रिय वायूवर चालवतात. सायकलच्या पंपाने लिटरभर थंड हवा, जवळपास ठिणगी नाही, तो धोका वेगळ्या पातळीचा आहे.

धूर हवाच असेल तर टाकीच्या चाचणीपुरते पैसे देऊन करून घे. करवून घेताना दोन गोष्टी सांग. एक, धूर पर्जच्या नळीतूनच नको, टाकीच्या तोंडाला अॅडॉप्टर लावूनही द्या. कोळसा धूर अडवतो आणि टाकीकडे पोचेपर्यंत तो विरळ होतो. दोन, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा शिरते त्या तोंडात) डोकावून बघा. तिथे धूर दिसला तर पर्ज व्हॉल्व्ह आत गळतोय.

टाकीच्या डोक्याबद्दल: बऱ्याच सेदानमध्ये मागच्या सीटच्या गादीखाली झाकण असतं, ते काढलं की पंपाची लॉक-रिंग आणि नळ्या समोर येतात. नुकताच पंप बदललेला असेल आणि त्यानंतर कोड आला असेल तर आधी तिथेच बघा. जुनं गॅस्केट परत वापरलं की ते फुगलेलं असतं, खाचेत नीट बसत नाही आणि रिंगखाली चिमटतं.

हडसनकाठ

मिठाच्या राज्यांसाठी आणखी एक जागा: टाकीच्या तोंडापासून खाली जाणारा लोखंडी पाइप. मागच्या चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणामागे चिखल साचून तो आवरणाखालीच सडतो, बाहेरून चकचकीत. आवरणाच्या क्लिपा काढून बघितल्याशिवाय तो चांगला आहे असं म्हणू नका. एपॉक्सी, टेप वगैरे लावू नका. पाइपच बदला.

रबरी नळी बदलताना साधी व्हॅक्यूमची किंवा हीटरची नळी वापरू नका, पेट्रोलच्या वाफेने ती काही महिन्यांत लिबलिबीत होते. नळीवर एसएई जे३०आर७ छापलेलं बघून घ्या. आणि जोडांना सिलिकॉन सीलंट फासू नका, तोही वाफेने सुटतो.

खेकडा_चालला_तिरका

पर्ज व्हॉल्व्ह बदलला, काळे दाणे नव्हते. कोड पुसला. पण पुढच्या आठवड्यात स्मॉग (कॅलिफोर्नियाची प्रदूषण तपासणी) आहे आणि स्कॅनर म्हणतो 'इव्हॅप मॉनिटर अपूर्ण', म्हणजे गाडीची स्वतःची इव्हॅप तपासणी अजून झालेली नाही. बे एरियात आहे. आता?

बे_एरिया_बंडू

घाबरू नका. कॅलिफोर्नियात २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेकमध्ये फक्त इव्हॅप मॉनिटर अपूर्ण चालतो, बाकीचे सगळे पूर्ण हवेत. कोड पुसल्यावर सगळेच पुसले जातात, तेव्हा जाण्याआधी उरलेले झालेत का ते तपासा.

२०१० आणि नंतरच्या गाड्यांना आणखी एक मेख. १ जुलै २०१९ पासून परमनंट कोडही बघतात, आणि ते स्कॅनरने पुसले जात नाहीत. गाडीने स्वतः तपासणी करून पास झाली की जातात. नाहीतर कोड पुसल्यापासून १५ वॉर्म-अप सायकल (थंड इंजिन सुरू करून पूर्ण गरम होणं ही एक) आणि २०० मैल झाले की स्मॉगवाले तो परमनंट कोड सोडून देतात. त्यामुळे 'एकदा पुसून बघू' असं उगाच करू नका, दर वेळी मोजणी शून्यापासून.

मॉनिटर पूर्ण करायचा तर ढोबळ अटी अशा: टाकी १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे (मी अर्धी ठेवायला सांगतो), गाडी रात्रभर, निदान आठ तास उभी, सकाळचं तापमान साधारण ४ ते ३५ अंश सेल्सिअस, मग शहरात आणि हायवेवर मिळून अर्धा-पाऊण तास. मधे गॅस भरू नका. कडाक्याच्या थंडीत किंवा अॅरिझोनाच्या उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे तो पूर्ण होत नाही, त्यात गाडीचा दोष नाही.

बऱ्याच नव्या टोयोटांची पद्धत वेगळी. कॅनिस्टरमध्येच छोटा व्हॅक्यूम पंप असतो आणि तपासणी गाडी बंद केल्यावर पाच तासांनी होते. तेव्हा कूलंट ३५ अंशांच्या वर असेल तर सात तासांनी, तरीही गरम असेल तर साडेनऊ तासांनी. रात्री दोन वाजता ड्राइव्हवेवर गाडीतून बारीक घुरघुर ऐकू आली तर चोर नाही, तो पंप आहे. ती तपासणी मधेच गाडी सुरू केली तर रद्द होते.

आणि खर्च करण्याआधी वॉरंटीची पुस्तिका उघडा. गाडी कॅलिफोर्नियाच्या पीझेव्ह (अगदी कमी उत्सर्जनाच्या) वर्गातली असेल (बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं) तर उत्सर्जनाच्या भागांना तिथे १५ वर्षं किंवा १,५०,००० मैल वॉरंटी असते. सेकंडहँड घेणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं आणि कॅनिस्टरचे पैसे खिशातून भरतात.

पिंपरीचा_फिटर

भारतातलं मी सांगतो, पानाकाकांनी विचारलंच आहे.

आपले बीएस (भारत स्टेज) उत्सर्जनाचे नियम युरोपच्या धर्तीवर. त्यात टाकीच्या गळतीची अशी ऑनबोर्ड तपासणी सक्तीची नाही, पर्ज व्हॉल्व्हचं सर्किट मात्र बघितलं जातं. म्हणून इथे बहुतेक गाड्यांना पी०४५६ वगैरे येत नाहीत, टोपण सैल राहिलं तरी दिवा लागत नाही. येतात ते पी०४४३, पी०४४४, पी०४४५: म्हणजे वायर तुटली, कनेक्टर सुटला, कॉइल गेली किंवा शॉर्ट. पीयूसीत हे काहीच कळत नाही, तिथे नळकांड्यातला धूर मोजतात.

प्रत्यक्षात कारण बहुतेक वेळा उंदीर. बॉनेटखालची वायर कुरतडलेली. व्हॉल्व्ह मागवण्याआधी कनेक्टर काढून इग्निशन ऑन करा, एका पिनवर बॅटरीइतके व्होल्ट आलेच पाहिजेत. नाही आले तर फ्यूज आणि वायर. दुसरी पिन इसीयूकडे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडे, जाते, ती तो अर्थ करतो, तिला टेस्ट लॅम्प लावून थेट अर्थ देत बसू नका.

दुसरं, पावसाळ्यात इंजिन वॉशिंग करून आणलं की कनेक्टरमध्ये पाणी. सुकवा, पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर, मग झालं. आणि आता सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतंय, तेव्हा जुन्या गाडीच्या वाफेच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसिंगला वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक चिरा उघडल्या की बदला. कोड येणार नाही, पण गाडीत पेट्रोलचा वास येईल. वास येतोय आणि कोड नाही, अशी गाडी आली की आम्ही आधी नळ्याच बघतो.

धुरळा

मावशी, पटलं. ग्लो प्लग रद्द. यू-नळी केली: उंची चाळीसेक सेकंदांत निम्मी पडते. टोपण, गळा, कॅनिस्टर, सगळीकडे साबण मारला, कुठेच फेस नाही. सीटखालचं झाकण माझ्या गाडीत नाही. टाकी उतरवायला लागणार का?

बारा_नंबरचा_पाना

एवढ्यात नको. आधी तुमची स्वतःची जुळणी तपासा: टी-जोड आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह साबणपाण्यात बुडवून बघा, आणि गाडीकडची नळी चिमटून उंची टिकते का बघा. बऱ्याचदा गळती तिथेच निघते.

ती टिकली तर गाडी अर्धी-अर्धी करा. कॅनिस्टरवरून टाकीकडे जाणारी नळी काढा, कॅनिस्टरचं ते तोंड बुचाने बंद करा आणि परत दाब द्या. आता जागा लिटर-दोन लिटरच आहे, तेव्हा पंपाचा दट्ट्या बोटभरच हलवा, आणि ०.५ मिमी भोक असेल तर उंची पाचेक सेकंदांत संपेल. टिकली तर कॅनिस्टर, व्हेंट आणि पुढची नळी निर्दोष, गळती टाकीच्या बाजूला. मग टाकीकडच्या नळीतून थेट दाब द्या आणि मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, टोकाची सळई काढून नुसती रबरी नळी ठेवून, टाकीच्या कडेने फिरवा. सुस्कारा ऐकू येतो.

टाकी उतरवायची वेळ आलीच तर गॅस पाव टाकीच्या खाली आणा, पेट्रोलचं वजन गॅलनला सहा पौंडांच्या वर असतं. आणि पंपाचं गॅस्केट व लॉक-रिंग आधी मागवून ठेवा.

धुरळा

टी-जोडच निघाला. फेस आला. क्लिप लावून परत मोजतो.